एक मोकळा शनिवार

सुट्टी, रिकामा दिवस आणि मोकळा दिवस यांत आपण सहसा फरक करीत नाही. भाषा शिकवून पोट भरणाऱ्याने तरी तो करायला हवा. सुट्टी कॅलेंडर देते. रिकामा दिवस नशीब देते; गाडी चुकते, येतो म्हणालेले पाहुणे येत नाहीत, कचेरीतला साहेब रजेवर असतो, आणि तुमच्या पदरात एक अख्खा दिवस पडतो. मोकळा दिवस मात्र कोणी देत नाही. तो आपला आपणच करून घ्यावा लागतो. ही विद्या मला कधी साधली नाही. चार तास हाती लागले की मी त्यांचे वेळापत्रक करायला बसतो. "तुम्ही झोपेचीसुद्धा टाचणं काढून ठेवाल," असे आमच्या घरात म्हटले जाते, आणि ते अगदीच खोटे नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात एकदा एक मोकळा दिवस आला. तारीख २ एप्रिल २०११, वार शनिवार. त्या दिवशी दुपारी अडीचनंतर तुम्ही कोठे होता, हे मी न विचारता सांगू शकतो. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि श्रीलंका यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता, आणि तुम्ही टीव्हीसमोर होता. मी मुंबईतच होतो. संध्याकाळी तर वानखेडेपासून अगदी थोड्या अंतरावर होतो. तरी त्या सामन्यातला फारच थोडा भाग मी डोळ्यांनी पाहिला.

झाले होते असे. माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा बहात्तर वर्षांचे होते आणि वाईला राहात होते. त्यांच्या मानेवर एक गाठ आली होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ती दोनतीनदा चाचपून पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि "एकदा मुंबईला दाखवून या" असे सांगितले. चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरांची मला तेव्हापासून धास्ती आहे. परीक्षेच्या पर्यवेक्षणातून रजा काढून मी अण्णांना घेऊन मुंबईला आलो. गुरुवारी गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट सोमवारी मिळायचा. पण सोमवारी गुढीपाडवा, म्हणून तो मंगळवारवर गेला. शुक्रवारी बाकीच्या तपासण्या आटोपल्या. आता मंगळवारपर्यंत करण्यासारखे काही नव्हते. उतरलो होतो दादरला आत्याकडे.

म्हणजे शनिवार हा रिकामा दिवस होता. आणि अशा रिकाम्या दिवशी माणूस काय करतो? तो मंगळवारचा विचार करतो.

शुक्रवारी रात्री आतेभावाने जाहीर करून टाकले, "दादा, उद्या घराबाहेर पडायचं नाव काढायचं नाही." त्याची तयारी युद्धपातळीवर चालली होती. कोणी कोठे बसायचे, चहा कितव्या षटकानंतर करायचा, दिवे गेले तर कोणाच्या घरी धावायचे, सगळे ठरले होते. मी मात्र निराळा हिशेब मांडला. दुपारपर्यंत चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी असेल. एकदा सामना सुरू झाला की रात्री दहापर्यंत रस्ते ओस पडतील. एरवी ज्या मुंबईत बहात्तर वर्षांच्या माणसाला घेऊन फिरणे म्हणजे दिव्य, ती मुंबई आठ तास आमच्या एकट्यांची! मी ताबडतोब क्ष-किरणांच्या फोटोचा लखोटा उलटा केला आणि पेन्सिलीने लिहू लागलो. साडेदहा, दादर. अकरा, वस्तुसंग्रहालय. दीड, जेवण. अडीच, टाऊन हॉलच्या पायऱ्या. चार, जहांगीर आर्ट गॅलरी. साडेपाच, गेटवे.

अण्णांनी चष्मा लावून ते सगळे सावकाश वाचले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण यात मी कुठं आहे?"

"म्हणजे? तुमच्यासाठीच तर..."

"संग्रहालयात जुन्या वस्तूच असतात ना? मग माझ्याकडं बघ की. तिकीट पडणार नाही."

आत्या हसून लोळायची बाकी राहिली. मग अण्णांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या सहा ओळींखाली आपल्या चार ओळी लिहिल्या: ब्रेबोर्न. ऑफिस. इराणी. खोली.

या चार शब्दांत त्यांची पंधरा वर्षे होती. १९५७ साली, मॅट्रिक होऊन, अण्णा वाईहून मुंबईला आले. फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून झाले, गिरगावातल्या एका चाळीत पाच जणांत एक खोली करून राहिले, खानावळीत जेवले. १९७२ साली आजोबा गेले, तेव्हा घर आणि शेत सांभाळायला ते वाईला परतले ते परतलेच. पुढे लग्नाकार्याला मुंबईला येणे होई. पण दादरपर्यंत यायचे, अक्षता टाकायच्या आणि रात्रीच्या एस.टी.ने परत फिरायचे. दादरच्या पलीकडची मुंबई त्यांनी एकोणचाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मानेवरच्या पट्टीवरून मफलर गुंडाळून अण्णा तयार झाले. एप्रिलच्या उकाड्यात मफलर घेतलेला मनुष्य लोकांना चमत्कारिक दिसेल असे मला वाटत होते. पण स्टेशनवर पाहतो तो कोणी गालांवर तिरंगा रंगवलेला, कोणी डोक्यावर हातभर उंच टोपी चढवलेली, कोणी अंगाभोवती झेंडा लपेटलेला! त्या मेळ्यात अण्णांचा मफलर अगदीच सोज्वळ दिसत होता. एका निळ्या सदऱ्यातल्या तरुणाने त्यांना उठून जागा दिली आणि विचारले, "आजोबा, मॅचला?"

"हो," अण्णा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मरीन लाइन्स सोडल्यावर उजव्या हाताला एकदम ते भले थोरले स्टेडियम आले आणि सगळा डबा ओरडला. "हे कुठलं?" अण्णांनी विचारले. मला क्षणभर नवल वाटले, मग लक्षात आले. जागांच्या वाटपावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनचे ब्रेबोर्नच्या मालकांशी, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसले, शेषराव वानखेडे यांनी दुसरे मैदान उभारायचे मनावर घेतले आणि तेथे पहिला कसोटी सामना झाला तो १९७५ च्या जानेवारीत. तोवर अण्णा वाईला हळद लावीत होते. त्यांच्या लेखी मुंबईत क्रिकेटचे मैदान एकच, १९३७ साली सुरू झालेले ब्रेबोर्न.

चर्चगेटला उतरून सगळा लोंढा एका बाजूला गेला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला. ब्रेबोर्नपाशी शुकशुकाट होता. अण्णा भिंतीच्या कडेकडेने थोडे चालले, एका ठिकाणी थांबले, भिंतीला हात लावून म्हणाले, "इथं."

"बोर्ड्यांची मॅच ना?" मी म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली.

ही बोर्ड्यांची मॅच आमच्या घरातल्या पोथीसारखी होती. ऑक्टोबर १९६४. समोर ऑस्ट्रेलिया. भारताला जिंकायला २५४ धावा हव्यात. आठ गडी तंबूत परतलेले, आणि एका बाजूला चंदू बोर्डे पाय रोवून उभे. जोडीला यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी. भारताने दोन गडी राखून तो सामना जिंकला. अण्णा तो प्रसंग सांगू लागले की कोपऱ्यातली छत्री उचलून बॅट करीत. लहानपणी आम्ही भावंडांनी तो शंभरदा तरी ऐकला असेल. म्हणून त्या भिंतीपाशी पोथी पुन्हा सुरू होईल, अशी माझी अपेक्षा होती. पण अण्णा गप्प होते.

ऑफिसची इमारत होती, पण पाटी निराळी होती आणि दाराला काच आली होती. शनिवार असल्यामुळे ते बंद होते. काचेत अण्णांना आपलेच प्रतिबिंब दिसले. ते बघून त्यांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, "चल, चहा पिऊ."

१९०४ सालापासून चालत आलेले धोबीतलावचे कयानी मात्र जागच्या जागी होते. ब्रून-मस्का चहात बुडवीत अण्णा बाहेर बोट दाखवून ट्राम कोठून वळत असे ते सांगू लागले. "चौसष्टच्या मार्चमध्ये शेवटची ट्राम गेली. ते वर्ष माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी..." आणि ते थांबले. मला वाटले, घास अडकला असेल.

गिरगावात शिरलो तेव्हा तीन वाजत आले होते. माझा हिशेब खरा ठरला होता. रस्त्यावर कुत्रे मांजरसुद्धा दिसत नव्हते. पण प्रत्येक खिडकीतून एकच आवाज येत होता. चाळ उभी होती. लाकडी जिना, गुळगुळीत झालेला कठडा, तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. येथे माझ्या पोटात गोळा आला. परक्याच्या दारात उभे राहून काय सांगायचे? "आमचे वडील पन्नास वर्षांपूर्वी इथं राहात होते, जरा आत येऊ का?" एखाद्या साध्या दिवशी आम्हांला कोणी उंबऱ्यातूनच वाटेला लावले असते. मनात वाक्ये जुळवीत होतो, तोवर अण्णा उघड्या दारातून आत डोकावले.

आणि आतून जो आरडाओरडा झाला, त्याने मी दोन पायऱ्या मागे सरलो. थरंगा बाद झाला होता! झहीर खानच्या चेंडूवर सेहवागने झेल घेतला होता. खोलीत पंधरावीस माणसे दाटीवाटीने बसली होती. त्यांतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिले, अण्णा दिसले, आणि त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही आत आलात आणि विकेट पडली! बसा, बसा, इथंच बसा. हलायचं नाही आता!"

कोण, कोठचे, कोणाकडे आलात, काही नाही. अण्णांना खुर्ची मिळाली, हातात कैरीच्या पन्ह्याचा पेला आला. प्रत्येकाला वाटत होते, हे दुसऱ्या कोणाचे तरी पाहुणे. अर्ध्या तासाने मी हळूच "अण्णा, निघायचं?" म्हणालो, तर चारपाच जणांनी मलाच गप्प बसवले. पुढे हरभजनने दिलशानचा त्रिफळा उडवला, तेव्हा तर अण्णांचा पायगुण सिद्धच झाला. क्रिकेटच्या दिवशी चांगला शिकलासवरलेला माणूससुद्धा जागा बदलायला धजत नाही. त्या श्रद्धेच्या जोरावर अण्णा आपल्या जुन्या खोलीत दीड तास मानाने बसून राहिले. टीव्हीकडे ते फारसे पाहतच नव्हते. ते तुळया मोजत होते, खिडकीची कडी पाहत होते, मोरीचा कोपरा पाहत होते. एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "माझी वळकटी या खुर्चीच्या जागी असायची." पुढे जयवर्धने जो जमला तो काही केल्या हलेना, तेव्हा अण्णांचा पायगुण संपल्याचे सर्वानुमते ठरले आणि आम्हांला निघायची परवानगी मिळाली. निघताना त्या बाईंनी विचारले, "आजोबा, तुम्ही कुणाकडचे हो?"

"इथलाच," अण्णा म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी चौकार मारला आणि प्रश्न तेथेच राहिला.

संध्याकाळी आम्ही मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर येऊन बसलो. पुढे वानखेडेच्या बाजूला पोलीस होते, म्हणून मरीन लाइन्सच्या आसपासच थांबलो. सूर्य बुडायला आला होता आणि स्टेडियमचे दिवे लागले होते. श्रीलंकेच्या २७४ धावा झाल्याचे शेजारी बसलेल्या एका कॉलेजकुमाराने सांगितले. भारताचा डाव सुरू झाला, तशी तिकडून एक गर्जना उठली, आणि उठली तोच कोणी तोंडावर हात ठेवावा तशी थांबली.

"काय झालं?" मी त्या मुलाला विचारले. तो मोबाइलकडे पाहत होता. तेथे अजून काही उमटले नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सेहवाग गेला. दुसऱ्याच बॉलला."

मग सारखे तेच चालले. आवाज आधी यायचा आणि त्याचा अर्थ मागाहून. तेंडुलकरच्या प्रत्येक धावेला आवाज चढत होता. आणि एकाएकी तो पूर्ण बंद पडला. एवढ्या मोठ्या शहरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत खालच्या दगडांवर आपटणारा समुद्र ऐकू आला.

"सचिन," अण्णा म्हणाले. मोबाइलवाल्या मुलाने वर पाहिले, पुन्हा खाली पाहिले. मग त्याने मोबाइल खिशात टाकला आणि काही न बोलता उठून गेला. तेंडुलकर १८ धावांवर बाद झाला होता.

"तुम्हांला कसं कळलं?"

"विकेटची शांतता निराळी असते. भिंतीबाहेर उभं राहिलेल्याला ती ओळखता येते." अण्णा समुद्राकडेच पाहत बोलले. "बोर्ड्यांची ती मॅच मी पाहिली नव्हती रे."

मी काहीच बोललो नाही.

"काका आजारी म्हणून ऑफिसात सांगितलं आणि निघालो. खोलीतल्या एकाकडं पास होता, तो देणार होता मला. ऐन वेळेला तो स्वतःच गेला. तिकिटाला पैसे नव्हते. मग सबंध दिवस त्या भिंतीपाशी उभा राहिलो. नुसता आवाज ऐकत. शेवटी आत जे काही उसळलं, ते ऐकून बाहेर आम्ही पन्नास अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलो. खोलीवर आलो तर सगळे म्हणाले, काय, पाहिलीस का? मी म्हटलं, पाहिली. एकदा म्हटलं, मग मागं कसं घेणार? पुढं तुम्ही मुलं झालात. तुम्हांला ती छत्री फार आवडायची."

सेहेचाळीस वर्षे त्यांनी ती छत्री फिरवली होती. मला हसू आले आणि घसाही दाटून आला. बऱ्याच वेळाने मी विचारले, "मग आज का सांगितलंत?"

"आज मोकळा आहे," ते म्हणाले. मग मफलरवरून मानेला हात लावून सहज बोलावे तसे म्हणाले, "मंगळवारचं तू मनाला लावून घेऊ नकोस. आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. आपण भिंतीच्या बाहेर आहोत, आपल्याला आवाज उशिरा येणार, एवढंच. तोवर हा वारा बघ किती छान सुटलाय."

तीन दिवस जो शब्द आम्ही दोघेही टाळत होतो, तो त्यांनी न उच्चारताच बाजूला ठेवला. आणि खरे सांगतो, त्या कट्ट्यावर पुढचा अर्धा तास मी मंगळवारचा विचार केला नाही.

परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. दादरला पोचलो तेव्हा आतेभावाच्या घरी सुतकी कळा होती. मग गंभीर आणि कोहलीने डाव सावरला, पुढे गंभीर आणि धोनीने तो पुढे नेला आणि घराला हळूहळू रंग चढला. गंभीर ९७ वर गेला तेव्हा आत्यासुद्धा हळहळली. शेवटची षटके आली आणि अण्णा खुर्चीवरून उठून गॅलरीत गेले. "अण्णा, आता कुठं चाललात? आता तर खरी मजा!" आतेभाऊ ओरडला. मी त्यांच्यामागोमाग गेलो. आम्ही दोघे अंधारात कठड्याला टेकून उभे राहिलो. आधी एक भलतीच शांतता झाली, आणि मग साऱ्या दादरने एकदम आरोळी ठोकली. धोनीने षटकार मारून सामना संपवला होता. खाली रस्त्यावर माणसे धावत आली. शेजारच्या गॅलरीतल्या एका अनोळखी गृहस्थांनी कठड्यावरून वाकून अण्णांचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

मंगळवारी रिपोर्ट आला. आम्हांला हवा होता तसा तो नव्हता. उपचार झाले, काही दिवस बरे गेले, काही वाईट गेले. २०१३ च्या श्रावणात अण्णा गेले.

मधल्या दोन वर्षांत वाईला कोणी भेटायला आले आणि क्रिकेटचा विषय निघाला, की अण्णा उशीला टेकून बसत आणि म्हणत, "वर्ल्ड कपची फायनल? होतो ना मी तिथं!" पाहुणे चकित होऊन माझ्याकडे पाहत.

"हो," मी म्हणत असे, "मीही होतो."